गॅबॉनला नोकरीसाठी निघालाय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

मी राजधानी लिब्रव्हीलजवळच्या एन्कोक औद्योगिक वसाहतीत एका व्हिनिअर (प्लायवूडसाठीच्या पातळ लाकडी शीट) कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पहिल्या दोन महिन्यांत मला चार गोष्टींनी हैराण केलं. टोमॅटोचा भाव ऐकून पिशवी परत घडी घातली, ट्रेन रात्रभर आलीच नाही, एकाच रस्त्यावर तीनदा पोलिसांनी कागद मागितले, आणि माझा सगळ्यात चांगला ऑपरेटर मामा गेला म्हणून आठवडाभर गावाला निघून गेला. तेव्हा मला वाटलं इथं सगळंच असं चालतं बहुतेक. मग हळूहळू कळत गेलं की या प्रत्येक गोष्टीमागं पक्कं कारण आहे, कुठलं जमिनीत आहे, कुठलं सरकारात, कुठलं माणसांत. ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने सोपे गेले असते, म्हणून हे लिहितोय. नव्यानं जाणाऱ्यांनी क्रमानं वाचा, शेवटी कागदांची यादी दिलीय.

१) आधी नकाशा काढून बसा

गॅबॉन मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, बरोब्बर विषुववृत्तावर. वर कॅमेरून आणि इक्वेटोरियल गिनी, पूर्वेला आणि दक्षिणेला काँगो (ब्राझाव्हीलवाला काँगो, किन्शासावाला मोठा काँगो वेगळा, या दोघांत गल्लत करू नका), पश्चिमेला अटलांटिक समुद्र. क्षेत्रफळ साधारण २ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडंसं कमी. आणि लोकसंख्या? अख्ख्या देशाची मिळून २५ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. त्यातली जवळपास निम्मी लिब्रव्हील आणि आजूबाजूला. राहिलेला देश म्हणजे जंगल, जमिनीचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग झाडांखाली आहे, विमान खाली येताना खिडकीतून बघा, ढग फाटले की खाली नुसतं हिरवं, रस्त्याची एखादी लाल रेघ सोडली तर काही दिसत नाही.

हे एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न सुटतात. माणसं कमी आणि जंगल दाट, त्यामुळं शेती फार थोडी, त्यामुळं भाजीपाला, कोंबडी, तांदूळ, पीठ, सगळं बाहेरून. टोमॅटो-कांदा बराचसा कॅमेरूनमधून ट्रकनं येतो, उत्तरेकडच्या ओयेम गावाच्या बाजूनं शेकडो किलोमीटर जंगलातला रस्ता तुडवत, आणि पावसात तो रस्ता खराब झाला की लिब्रव्हीलच्या बाजारात भाव वर. भाजीवाली फसवतेय असं मला वाटायचं, ती बिचारी रस्त्याचे पैसे लावत असते.

देशाच्या मधून ओगोवे नदी वाहते, साधारण १२०० किलोमीटर लांब, देशातलं बहुतेक पाणी तिच्यातच येतं. एकूण प्रांत ९, आणि त्यातल्या पाचांच्या नावात ओगोवे आहे, त्यामुळं ओगोवे-लोलो, ओगोवे-इव्हिंदो, ओत-ओगोवे अशी नावं ऐकून सुरुवातीला गोंधळ होतो. कंपनीनं 'साइटवर जायचंय' म्हटलं तर प्रांताचं नाव नको, जवळच्या गावाचं नाव विचारा, आणि तिथं जायला रस्ता आहे की रेल्वे की बोट तेही. पोर्ट-जाँती हे तेलाचं शहर, देशातलं दुसरं मोठं, पण लिब्रव्हीलहून तिकडं सरळ रस्ताच नाही, विमान नाहीतर बोट. बोटीचं तिकीट स्वस्त असतं म्हणून लगेच काढू नका, मार्च २०२३ मध्ये याच मार्गावर प्रवासी बोट बुडून बरीच माणसं गेली. जमत असेल तर विमानच घ्या.

हवामान आपल्या उलट चालतं, हे लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर, म्हणजे कोकणात धो धो कोसळत असतो तेव्हा, तिथं कोरडा मोसम, आकाश करडं, हवा त्यातल्या त्यात गार, पाऊस जवळजवळ नाहीच. खरा पाऊस ऑक्टोबरपासून आणि परत फेब्रुवारी ते मे, मध्ये डिसेंबर-जानेवारीत थोडी उघडीप. पाऊस कोकणासारखाच जोरात पडतो, विजा मात्र जास्त. आणि विषुववृत्तावर असल्यामुळं वर्षभर दिवस-रात्र सारखे, साडेसहाच्या सुमाराला अंधार पडतोच, उन्हाळा म्हणून संध्याकाळ लांबत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई सकाळी सातला फोन करते आणि तिथं रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

२) निघायच्या आधीची कामं

पिवळ्या तापाची लस (यलो फिव्हर) सगळ्यात पहिली. तिचं पिवळं कार्ड नसेल तर तिकडं प्रवेश नाही आणि परत येताना इथंही अडवतात, भारतात कार्डाशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारनं ठरवलेल्या केंद्रांतच मिळते, मुंबईत एअरपोर्ट आणि पोर्ट हेल्थवाल्यांकडं आहे, पण तारीख लगेच मिळेलच असं नाही. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून तिकीट हातात यायची वाट बघू नका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथंच उभं राहून तपासा.

व्हिसासाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे, दिल्लीत गॅबॉनची एम्बसीही आहे. नोकरीसाठी जाताना हे सगळं कंपनीनं करायचं असतं, आणि इथंच मोठा धोका आहे. माझ्या वेळी मधल्या माणसानं सांगितलं की 'आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं राहायचं कार्ड होतं.' मी गेलो. कार्ड व्हायला कितीतरी महिने लागले आणि तेवढे सगळे दिवस मी एका कागदी पावतीवर काढले, लिब्रव्हीलच्या बाहेर जाताना दरवेळी धाकधूक असायची. तुम्ही हे करू नका. परदेशी माणसाला तिथं काम करायला कामगार खात्याची परवानगी लागते आणि राहायला कार्त द सेजूर म्हणजे निवासाचं कार्ड. या दोन्हीचा खर्च कोण करणार, किती दिवसांत करणार, रिन्यू कोण करणार, परतीचं तिकीट कोणाचं, हे करारात लेखी घ्या. करार फ्रेंचमध्ये असेल तर भाषांतर करून घेतल्याशिवाय सही करू नका, कारण तिकडं काही वाद झाला तर फ्रेंच प्रतच बघतात.

आणि पासपोर्ट. कंपनी 'सेफ्टीसाठी आमच्याकडं ठेवा' म्हणेल. कार्डाच्या कामासाठी काही दिवस द्यावा लागतो ते ठीक, पण काम झालं की परत मागा, मागायला लाजू नका.

३) फ्रेंच, आणि त्यातला पहिला शब्द

गॅबॉन जून २०२२ मध्ये कॉमनवेल्थमध्ये, म्हणजे बहुतेक ब्रिटिशांच्या जुन्या वसाहती असलेल्या देशांच्या गटात आलं. ते वाचून माझ्याबरोबरच्या दोघांना वाटलं की इंग्रजी चालत असेल. नाही चालत. ऑफिस, बँक, दवाखाना, टॅक्सी, बाजार, पोलीस, सगळीकडं फ्रेंच. निघायच्या आधी तीन महिने मिळत असतील तर रोज अर्धा तास फ्रेंच करा, आकडे तर पाठच हवेत, कारण भाव आणि पगार दोन्ही हजारांत-लाखांत बोलतात.

पण आकड्यांच्याही आधी बाँजूर. मी सुरुवातीला दुकानात शिरलो की आपल्या सवयीनं थेट 'हे केवढ्याला' विचारायचो आणि दुकानदारीण तोंड फिरवायची. मला वाटायचं परदेशी म्हणून करते. एक दिवस आमच्या स्टोअरवाल्या ताईनं समजावलं, अरे तू माणसाला माणूस म्हणून आधी बघितलंसच नाहीस. तिथं आधी बाँजूर, मग कसं काय, मग काम. गार्डला, शिपायाला, साहेबाला, सगळ्यांना. दुपारनंतर बाँस्वार. फांग जमातीच्या भाषेतलं 'म्बोलो' म्हटलंत तर चेहरे एकदम खुलतात, हा नमस्कार जवळजवळ सगळ्यांना कळतो. या एका सवयीनं माझी जितकी कामं झाली तितकी ओळखीनंही झाली नाहीत.

४) माणसं ओळखा

देशात चाळीसच्या वर जमाती आहेत. फांग सगळ्यात मोठी, उत्तरेला आणि लिब्रव्हीलच्या पट्ट्यात. दक्षिणेला पुनू, मधल्या भागात न्झेबी, किनाऱ्यावर म्येने, पूर्वेला ओत-ओगोवेत तेके आणि ओबांबा. जंगलात बाका, बाबोंगो असे फार जुने लोक राहतात. बहुतेक माणसं ख्रिश्चन, पण त्याबरोबर ब्विती ही जुनी परंपराही जिवंत आहे, तिच्यात इबोगा नावाच्या झाडाची मुळी घेतात. या विषयावर थट्टा करू नका आणि कुणी आग्रह केला तरी ती मुळी घेऊ नका, हृदयावर परिणाम होतो.

आता मामाची गोष्ट. पुनू, न्झेबी यांच्यात वंश आईकडून मोजतात. मूल आईच्या कुळाचं, आणि घरातला मोठा अधिकार आईच्या भावाचा. लग्न ठरवताना तो पुढं असतो, भाचराच्या अडचणीला तोच उभा राहतो. म्हणजे माझा ऑपरेटर मामाच्या अंत्यविधीला गेला तो आपल्या हिशोबानं वडिलांच्याच कार्याला गेला होता. आपल्याकडं मामाचं नातं लाडाचं असतं, तिथं ते हक्काचं आणि जबाबदारीचं आहे. फांग लोकांत उलट, तिथं वंश वडिलांकडून. शिवाय अंत्यविधी एका दिवसात आटपत नाही, रात्रीची जागरणं असतात, माणसं लांबून येतात, आणि बऱ्याच महिन्यांनी सुतक उतरवायचा वेगळा कार्यक्रम असतो, त्याला सगळे नातेवाईक एकाच छापाचं कापड शिवून घालतात. तुम्ही सुपरवायझर म्हणून जात असाल तर हे नीट ऐका, मयताच्या रजेवर वाद घालू नका. उलट पाकिटात थोडे पैसे घालून द्या, जमलं तर स्वतः जा. मी दुसऱ्या वेळी गेलो, मागं खुर्चीवर तासभर बसलो फक्त, आणि त्यानंतर त्या शिफ्टमध्ये मला कधी कुणाला ओरडून सांगावं लागलं नाही.

दुकानदारी आणि छोटी कामं यांत बाहेरचे लोक खूप दिसतील, माली, सेनेगल, बेनिन, कॅमेरूनचे, आणि मोठ्या दुकानांत लेबनीज. भारतीय त्यामानानं मूठभर, बहुतेक लाकडाच्या धंद्यात. त्यात मराठी माणूस भेटणं म्हणजे सणच.

५) सरकार कसं चालतं, थोडक्यात पण नीट

लिब्रव्हील म्हणजे शब्दशः 'मुक्त गाव'. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेल्या माणसांना १८४९ मध्ये तिथं वसवलं, त्यावरून हे नाव. पुढं फ्रेंच वसाहत, आणि १७ ऑगस्ट १९६० ला स्वातंत्र्य, म्हणजे आपल्या दोन दिवस नंतर त्यांचाही स्वातंत्र्यदिन, कारखान्याला सुट्टी. पहिले अध्यक्ष लेओं म्बा. त्यांच्यानंतर १९६७ पासून २००९ पर्यंत ओमार बोंगो, सलग ४१ वर्षं, आणि मग त्यांचे चिरंजीव अली बोंगो. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे निवडणुकीत अली बोंगो जिंकल्याचं जाहीर झालं आणि थोड्याच वेळात लष्करानं टीव्हीवर येऊन सत्ता घेतल्याचं सांगितलं. पुढारी होते रिपब्लिकन गार्डचे (अध्यक्षांच्या संरक्षणाची फौज) जनरल ब्रीस क्लोतेर ओलिगी न्गेमा. रक्तपात झाला नाही, लोक रस्त्यावर नाचत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन नवी राज्यघटना आली, त्यात अध्यक्षाची मुदत सात वर्षं, एकदाच वाढवता येणारी, आणि पंतप्रधानपदच काढून टाकलं. १२ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत ओलिगी न्गेमाच मोठ्या बहुमतानं निवडून आले.

तुम्हाला याचा उपयोग काय? एक, सत्ता एका माणसाच्या हातात गोळा झालेली असते, त्यामुळं नियम एका आदेशानं बदलू शकतो, काल चालत होतं म्हणून आज चालेल असं धरू नका, दर कामाला कंपनीच्या माणसाकडून ताजी माहिती घ्या. दोन, पोलीस आणि जाँदार्म म्हणजे लष्करी पोलीस रस्त्यात कागद बघतात, ही रोजची गोष्ट आहे. लिब्रव्हीलहून आत जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर तर नक्की. गाडीत शांत बसा, बाँजूर म्हणा, कार्डाची शिक्का मारून घेतलेली प्रत द्या, मूळ कार्ड मागितलं तरच काढा. आवाज चढवला की काम लांबतं. कागद पूर्ण असतील तर हसून थांबा, थोड्या वेळानं सोडतात. कागद अपुरे असतील तर जाऊच नका. तीन, राजवाडा, विमानतळ, बंदर, छावण्या, गणवेशातली माणसं यांचे फोटो काढायचे नाहीत, समुद्रकिनाऱ्याचा सुंदर रस्ता राजवाड्यावरूनच जातो तिथं मोबाइल खिशात. आणि राजकारणावर आपण मत द्यायचं नाही, ते बोलतील, आपण ऐकायचं.

सरकारी ऑफिसात जायचं तर सकाळी लवकर, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन.

६) पैसा: सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात

चलन सीएफए फ्रँक. युरोला कायमचं बांधलेलं आहे, १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, हा दर रोज बदलत नाही. म्हणून भारतातून नेताना डॉलरपेक्षा युरो न्या, बदलताना तोटा कमी. रुपये कुणी घेत नाही. मनातल्या मनात रुपये काढायचे तर फ्रँकला साधारण साडेसहानं भागा.

मोठा सापळा असा की सीएफए फ्रँक दोन आहेत, एक मध्य आफ्रिकेचा आणि एक पश्चिम आफ्रिकेचा. किंमत सारखी, नाव सारखं, पण सेनेगल किंवा कोट दिव्हारची नोट गॅबॉनमध्ये चालत नाही. गॅबॉनची नोट कॅमेरून, चाड, काँगो-ब्राझाव्हील, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनीत चालते, सहाही देशांची मध्यवर्ती बँक एकच आहे, कॅमेरूनच्या राजधानीत, याऊंदेमध्ये. तेव्हा प्रवासात कुणाकडून 'सीएफए' घेताना नोटेवर कुठली बँक लिहिलीय ते बघा.

पगार ठरवताना तो युरोत आहे की फ्रँकमध्ये, घरी पाठवायचा खर्च कोणाचा, राहणं-जेवण धरून की सोडून, हे विचारा. देशाचं किमान वेतन महिना १,५०,००० फ्रँक आहे, म्हणजे सुमारे २२९ युरो. आकडा लाखात ऐकून हुरळून जाऊ नका, लिब्रव्हील महाग शहर आहे, घरभाडं आणि खाणं यातच पैसा जातो. रोजच्या व्यवहाराला मोबाइलवरचं पाकीट वापरतात, एअरटेल तिथंही आहे, पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एअरटेल मनी चालू करा. सुट्टे मात्र कायम जवळ ठेवा, दहा हजारांची नोट दिली की टॅक्सीवाला हात वर करतो.

७) देश कशावर चालतो

तीन गोष्टींवर, तेल, मँगनीज आणि लाकूड.

तेल पोर्ट-जाँतीच्या बाजूला, गॅबॉन ओपेकमध्ये (तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना) २०१६ ला परत आलं. सरकारच्या तिजोरीत मोठा वाटा अजून तेलाचा, आणि जुन्या विहिरी आटत चालल्यात, १९९०च्या दशकात जेवढं निघायचं तेवढं आता निघत नाही. तेलाचा भाव पडला की सरकारी बिलं थकतात आणि सरकारी ठेक्यांवर चालणाऱ्या कंपन्यांत पगार लांबतात. तुमची कंपनी कुणाच्या पैशावर चालते, सरकारच्या की निर्यातीच्या, हे नोकरी घेण्याआधी विचारलंत तर बरं.

मँगनीज पूर्वेकडच्या मोआंदा गावाला, जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. १९६२ पासून निघतंय. रेल्वे नव्हती तेव्हा खनिज ७६ किलोमीटर लांबीच्या रोपवेनं काँगोत नेऊन तिथून गाडीनं बंदरावर जायचं. मग ट्रान्सगॅबॉन रेल्वे झाली, लिब्रव्हीलजवळच्या ओवेंदो बंदरापासून पूर्वेकडच्या फ्राँसव्हीलपर्यंत साधारण ६५० किलोमीटर, १९८६ ला पूर्ण. आता मला रात्रभर ताटकळवणाऱ्या ट्रेनचं उत्तर इथं आहे. मार्ग एकेरी, आणि तो जगतो मँगनीजच्या मालगाड्यांवर, रेल्वे चालवणारी कंपनी सेत्रागसुद्धा मँगनीज काढणाऱ्या कोमिलोगच्याच हाताखाली आहे. त्यात पावसात माती घसरते, डबे घसरतात. प्रवासी गाडी ठरल्या वेळेला येईल असं धरून पुढचं काही ठरवू नका, पाणी, खाणं, पॉवर बँक, जाकीट (एसीत कुडकुडायला होतं) घेऊनच स्टेशनवर जा. सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलंय की १ जानेवारी २०२९ पासून कच्चं मँगनीज बाहेर पाठवायचं नाही, देशातच प्रक्रिया करायची. मेटलर्जीवाल्या, भट्टीवर काम केलेल्या पोरांनी इकडं लक्ष ठेवा.

हे नवीन धोरण नाही, लाकडाचं आधी असंच केलं. २०१० मध्ये अख्खे ओंडके निर्यात करायला बंदी घातली. त्याआधी ओकूमे नावाच्या झाडाचे ओंडके तसेच जहाजात चढायचे. ओकूमेचं लाकूड हलकं, गुलाबीसर, पीलिंग मशीनवर लावलं की कागदासारखी सलग शीट उलगडत जाते, प्लायवूडला यासारखं दुसरं नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या लाकडांत मला हेच आवडलं. बंदीनंतर कापायचं-सोलायचं काम देशातच करणं भाग पडलं आणि लिब्रव्हीलपासून २७ किलोमीटरवर एन्कोकची वसाहत उभी राहिली, सरकार आणि ओलाम कंपनीच्या भागीदारीत. तिथं भारतीय आणि चिनी कारखाने भरपूर. आपल्याकडच्या फिटर, इलेक्ट्रिशियन, बॉयलर अटेंडंट, पीलिंग आणि ड्रायर ऑपरेटर यांना तिथं काम मिळतं ते या एका निर्णयामुळं.

इथं एक इशारा. केव्हाझिंगो नावाचं फार महागडं लाकूड आहे, ते तोडायला बंदी आहे, २०१९ मध्ये त्याचे साडेतीनशेच्या वर कंटेनर बंदरातून गायब झाल्याचं प्रकरण इतकं पेटलं की उपाध्यक्षांचं पद गेलं. तेव्हा घरी न्यायला म्हणून लाकडाची फळी, हस्तिदंताची वस्तू, प्राण्याचं कातडं, यातलं काहीही बॅगेत घालू नका, कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी. आफ्रिकेच्या दाट जंगलात राहणाऱ्या हत्तींची (फॉरेस्ट एलिफंट ही वेगळी जात) जगातली सगळ्यात मोठी संख्या इथं आहे, साधारण ९५ हजार, आणि देशानं २००२ मध्ये एकदम १३ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. हा विषय ते गंभीरपणे घेतात, तुरुंग होतो. सुट्टीत लोपे राष्ट्रीय उद्यानात जाऊन हत्ती बघा, रेल्वेनंच जाता येतं.

८) रोजचं जगणं

पत्ता: घर नंबर, पिनकोड विसरा. मुख्य रस्त्यावर पेका नावाचे टप्पे आहेत, पेका ५, पेका ८, पेका १२, म्हणजे तेवढ्या किलोमीटरवरचा भाग. 'पेका १२, पंपाच्या मागं, निळं गेट' हा पूर्ण पत्ता झाला.

टॅक्सी: मीटर नसतो. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, टॅक्सी हळू झाली की खिडकीतून ओरडायचं, जागेचं नाव आणि तुम्ही किती देणार तो आकडा. पटलं तर तो हॉर्न वाजवतो, बसा. नाही पटलं तर निघून जातो, राग मानू नका. गाडीत आणखी माणसं घेणार हे गृहीत. एकट्यासाठी पाहिजे असेल तर 'कुर्स' म्हणा, भाडं बरंच वाढतं. सुरुवातीला सहकाऱ्याला भाडी विचारून वहीत लिहून घ्या, मी तसंच केलं. अंधार पडल्यावर अनोळखी वस्तीत, ज्याला ते मापान म्हणतात त्या दाट वस्त्यांत, एकटं फिरू नका.

वीज-पाणी: व्होल्टेज आपल्यासारखंच २२०, पण पिना फ्रेंच पद्धतीच्या दोन गोल, आपली तीन पिनांची वायर लागत नाही, अॅडॅप्टर इथूनच चार न्या. वीज जाते, त्याला देलेस्ताज म्हणतात, पाणीही जातं. घर बघताना टाकी आणि जनरेटर आहे का हे आधी, रंगरंगोटी नंतर.

खाणं: तांदूळ, केळी (भाजायची-तळायची जाड केळी), मॅनिऑक म्हणजे कसावा, शेंगदाणे, बीन्स, आणि मासे भरपूर मिळतात. पानात बांधलेली कसाव्याची कांडी पहिल्यांदा आंबूस लागते, नंतर सवय होते. पामच्या फळाच्या रसातली न्येंब्वे कोंबडी खाणाऱ्यांनी नक्की खावी. आतांगा नावाचं जांभळं फळ गरम पाण्यात मऊ करून मिठाबरोबर खातात, लोण्यासारखं लागतं. शाकाहारी लोकांनी मात्र जपून. 'सां व्हियांद' म्हणजे मटणाशिवाय, असं म्हटलं की तुम्हाला प्रेमानं मासा किंवा कोंबडी वाढतील, कारण त्यांच्या बोलण्यात ते व्हियांद नाही. 'मटण नाही, मासा नाही, कोंबडी नाही' असं तिन्ही सांगा, शिवाय भाजीतही सुका मासा असतो. प्रेशर कुकर, तूरडाळ, मसाला, हिंग घरून न्या. लिब्रव्हीलमधला मोठा बाजार म्हणजे माँ-ब्वे, सकाळी जा, कुणाला तरी बरोबर घेऊन, पैसे पुढच्या खिशात. रविवारी बरंच बंद असतं. जंगलातल्या प्राण्यांचं मटण रस्त्याकडेला टांगलेलं दिसेल, ते खाऊ नका आणि हातही लावू नका, या देशाच्या ईशान्य भागात पूर्वी इबोलाच्या साथी आल्या होत्या.

९) मलेरिया

तिथं त्याला 'पालू' म्हणतात, आणि पडशासारखं सहज बोलतात, त्यामुळं आपणही सहज घ्यायला लागतो. घेऊ नका. तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. तिथली माणसं लहानपणापासून तो झेलत मोठी झालीत, आपल्या अंगात ती ताकद नसते. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. मच्छरदाणी लावल्याशिवाय झोपायचं नाही, संध्याकाळी पूर्ण बाह्या. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, 'उद्या बघू' नाही. माझ्या खोलीतल्या पोरानं दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचलून न्यावं लागलं, वाचला, पण महिनाभर उभा राहू शकला नाही. कंपनी कुठल्या दवाखान्याशी बांधलेली आहे, खर्च कोण भरतो, रात्री गाडी कोण देतो, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

१०) बरोबर न्यायचे कागद

– पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत आणि कोरी पानं असलेला, शिवाय चार रंगीत झेरॉक्स
– पिवळ्या तापाचं मूळ कार्ड, हातातल्या बॅगेत
– व्हिसा किंवा ऑनलाइन मंजुरीची छापील प्रत, मोबाइलवरची पुरत नाही
– करार, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा, आणि त्याचं भाषांतर
– शिक्षणाची, आयटीआयची, अनुभवाची प्रमाणपत्रं, फ्रेंच भाषांतरासह
– पासपोर्ट ऑफिसातून घेतलेलं पोलीस क्लिअरन्स
– पासपोर्ट साइझचे वीसेक फोटो, तिथं प्रत्येक अर्जाला लागतात
– चष्म्याचा नंबर, चालू औषधांची चिठ्ठी आणि तीन महिन्यांची औषधं
– गॅबॉनचं काम बघणाऱ्या भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर कागदावर लिहून (परराष्ट्र खात्याच्या साइटवर मिळतो)

सगळ्याचे फोटो काढून घरच्या एका माणसाकडं पाठवून ठेवा. माझी बॅग एकदा विमानात मागं राहिली तेव्हा बहिणीनं पाठवलेल्या फोटोंवरच चार दिवस निभावलं.

११) परत येताना

कार्त द सेजूरची मुदत सुट्टीच्या काळात संपत नाही ना, हे तिकीट काढायच्या आधी बघा, नाहीतर परत जाताना नव्यानं व्हिसा. हिशोब, थकलेला पगार, अनुभवाचं पत्र हे सगळं हातात पडल्यावरच विमानतळावर जा, 'मागून पाठवतो' यावर थांबू नका. पिवळं कार्ड परत हातातल्या बॅगेत. आणि घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, अगदी साधा वाटला तरी, गावातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेतून, गॅबॉनमधून आलोय, मलेरियाची तपासणी करा. ते स्वतःहून विचारणार नाहीत, आपल्याकडं पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यू आणि व्हायरलच आठवतं.